सरडेरावांचे उपास

रिकाम्या खोलीत जळणारा दिवा दिसला की माझ्या सासऱ्यांच्या हाताला खाज सुटते. त्यांचं सगळं आयुष्य वीज खात्यात गेलं. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण हात अजून ड्यूटीवर आहे. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी राहायला गेले तेव्हा मी न्हाणीघरात असतानाच बाहेरून दिवा बंद झाला. मी आत आहे, असं ओरडून सांगितलं तर बाहेरून उत्तर आलं, "मग आवाज करत राहायचं." तेव्हापासून त्या घरी मी आंघोळ करताना आरत्या म्हणते. देवाला वाटत असेल सून भाविक आहे.

त्यामुळे नवरात्र उरकून ते ओमानला, अल हैलमध्ये, आमच्याकडे दोन-तीन महिने राहायला आले, तेव्हा मी मनाची तयारी ठेवली होती. जिन्यातला दिवा, टीव्हीचा तो लाल ठिपका, चार्जरचं बटण, सगळ्यांवर त्यांची फेरी सुरू झाली. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का, हे त्यांनी दार हळूहळू लोटत, फटीला डोळा लावून तपासलं. विझतो म्हटल्यावर त्यांना जरा निराशाच वाटली असावी. सरड्याचं मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

सरडा आमच्याकडे इस्त्रीच्या टेबलाबरोबर आला. इथून कुणी कायमचं मायदेशी निघालं की ओळखीच्यांत घराचं वाटप होतं. सोफा एकाकडे, मिक्सर दुसरीकडे, अर्धवट वापरलेले मसाले तिसरीकडे. मुलीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं कुटुंब असंच निघालं होतं. मी इस्त्रीचं टेबल सांगून ठेवलं होतं. नवरा सोहारच्या कारखान्यात असतो, दर गुरुवारी संध्याकाळी घरी येतो आणि रविवारी पहाटे जातो. त्याने फोनवर बजावलं होतं, "फक्त टेबल आण. त्या लोकांकडे एक सरडा आहे, त्याच्याकडे पोरीला बघूही देऊ नकोस." गाडीत मागे टेबल होतं, पुढच्या सीटवर लोणच्याची बरणी होती आणि सातवीतली माझी लेक मांडीवर जाळीचा पिंजरा घेऊन बसली होती. अशा वेळी आई काय करते, ते सगळ्या आयांना माहीत आहे.

तो खरं तर शॅमेलिऑन, रंग बदलणारा सरडा. पोपटी अंगावर पिवळे पट्टे, डोक्यावर टोपीसारखा तुरा, आणि दोन डोळे दोन दिशांना. एक डोळा टीव्हीवर आणि दुसरा स्वयंपाकघरावर ठेवणारा प्राणी मी त्याआधी फक्त माझ्या नणंदेच्या रूपात पाहिला होता. पिंजरा उंच, आत मनीप्लांटच्या कुंड्या आणि फांद्या. वरती एक पिवळा, चांगलाच तापणारा दिवा. सकाळ झाली की स्वारी सर्वांत वरच्या फांदीवर जाऊन त्या दिव्याखाली बसायची आणि उन्हात पापड वाळावेत तशी अंग पसरून एक एक बाजू शेकायची. मग भूक लागायची. मग मुलगी चिमट्यात रातकिडा धरायची, आणि तो हातभर लांब जीभ फेकून तो टिपायचा. रातकिड्यांचा डबा बाल्कनीत असे. त्यांना गाजर मी किसून देत असे, कारण कुणालाही उपाशी वरच्या घरी पाठवणं मला बरं वाटत नाही.

सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी पिंजऱ्याची पाहणी केली.

"हा दिवा दिवसाढवळ्या कशाला?"

"त्याला गरम पाहिजे, आजोबा," मुलगी म्हणाली. "हिज बॉडी इज कोल्ड. स्वतः गरम नाही होत तो."

"अगं, इकडे छताला एसी लावायचा आणि एसीखाली शेगडी पेटवायची? दोघांची मारामारी लावून आपण बिल भरायचं?" असं म्हणत त्यांनी सवयीने बटण दाबलं.

"आजोबा, नो."

त्यांना असं 'नो' कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या मुलाने तर चाळिशी उलटली तरी म्हटलेलं नाही. सासऱ्यांनी नातीकडे पाहिलं, बटण परत दाबलं आणि म्हणाले, "बरं मॅडम." मला वाटलं, विषय मिटला.

उलट दोघांची गट्टीच जमली. पोरीचं मराठी अडखळत चालणारं, आजोबांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं. ती सांगायची, "आजोबा, तो वॉटर बाउलमधून नाही पीत. पानावरचं ड्रॉप पितो." ते म्हणायचे, "नोटेड." संध्याकाळी दोघं पिंजऱ्यासमोर खुर्च्या टाकून बसायची आणि ती स्प्रेने पानांवर पाणी मारत त्यांना सरडेशास्त्र शिकवायची. तिने त्याला ठेवलेलं नाव आजोबांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचं सरडेराव केलं. ते दृश्य पाहून माझा नवरा गुरुवारी दारातच थबकला होता. त्याचं आणि वडिलांचं बोलणं म्हणजे टायरमधली हवा, रस्त्यावरची गर्दी आणि हवामान. त्यापुढे दोघंही जात नाहीत, आणि मागे तर मुळीच जात नाहीत.

मग सरडेरावांनी जेवण सोडलं.

सुरुवातीला आम्हाला ते कळलंही नाही. मुलगी चिमटा पुढे करायची, तो एक डोळा रातकिड्यावर लावायचा, विचार करायचा आणि तोंड फिरवायचा. लग्नात व्याह्यांना जेवण आवडलं नाही की ते जसे ताटाकडे बघतात, तसा. नंतर तो डोळाही लावेना. रंग काळपट पडत गेला, डोळे खोल गेले, आणि वरची फांदी सोडून तो खाली कुंडीजवळ चिकटून बसू लागला. मुलगी शाळेतून येऊन दप्तर टाकायच्या आधी पिंजऱ्याकडे जायची. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्या सरड्यात तिचा जीव होता, आणि तो जगतोय की जातोय, एवढीच आमच्या घरातली बातमी उरली होती.

मग आपल्याकडे होतं तेच झालं. सगळे त्याला आग्रह करायला बसले. सकाळी मी "खा रे बाबा" करत होते. दुपारी मुलगी आणि संध्याकाळी आजोबा. आयुष्यात अंड्याला हात न लावलेला हा माणूस रातकिड्यांच्या डब्याकडे पाठ करून सरड्याला म्हणायचा, "घ्या, घ्या, सरडेराव, लाजताय काय? सगळं आपल्या घरचंच आहे." पाहुणा जेवत नसला की त्याच्याभोवती जास्तीत जास्त माणसांनी जमायचं आणि तो घास कधी उचलतो ते टक लावून बघायचं, हा आपला शिरस्ता. तो बिचारा एक डोळा माझ्यावर आणि एक आजोबांवर ठेवून आणखी काळा पडायचा.

समोरच्या इमारतीत रत्नागिरीकडच्या एक चाची राहतात. त्यांच्या नवऱ्याचं मत्र्याच्या बाजारात मसाल्याचं दुकान आहे. त्या येऊन बघून गेल्या.

"काय झाला गो याला? केवढा वाळलाय. नजर लागली असेल, दुसरा काय."

"चाची, सरड्याला कोण नजर लावणार?"

"तेवढा सुंदर होता ना पयला."

मी सासऱ्यांच्या नकळत मीठ-मोहरीने सरड्याची दृष्ट काढली. लाल मिरच्या मात्र जाळल्या नाहीत, कारण आमच्या फ्लॅटचा स्मोक अलार्म भलता हळवा आहे आणि खालचा वॉचमन वर आला असता तर मी त्याला काय सांगणार होते? चाचींनी स्वतः त्याच्यावर कुराणातलं काहीतरी पुटपुटत फुंकर मारली. दोन धर्मांची ताकद लावूनही सरडा खाईना. तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो.

जनावरांचा डॉक्टर मल्याळी होता, हिंदी बोलत होता. आजोबाही आले होते, कारण नात रडायला लागली तर कुणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी सरड्याला हातावर घेतलं, तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं. मग विचारू लागले. पाणी कसं देता, किड्यांवर कॅल्शियमची पावडर घालता का, पिंजरा कुठे आहे. मुलगी पटापट उत्तरं देत होती.

"एसी के नीचे है?"

"थोडा साइड में. बट बास्किंग लॅम्प है ना."

"लॅम्प रोज चालू रहता है? सुबह से?"

"एव्हरी डे," मुलगी म्हणाली. "आय पुट इट ऑन मायसेल्फ. स्कूल जाने से पहले."

"पक्का? क्योंकि ये ठंडा है. सुबह गरमी नहीं मिली तो इसका पेट काम नहीं करता. खाएगा तो भी पचेगा नहीं, इसलिए खाता ही नहीं."

मी सहज सासऱ्यांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं मांजरींच्या जंतांचं चित्र वाचत होते. बारकाईने, ओळीवर बोट ठेवून वाचत होते. ते अरबीत होतं.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर दिवा, पाणी आणि शांतता. तरी खाल्लं नाही तर येत्या शनिवारी परत आणा, मग नळीने भरवावं लागेल, पण इतक्या अशक्त जनावराचं त्यात काही सांगता येत नाही. परतीच्या वाटेवर मुलगी जाळीला बोट लावून बसली होती. पिंजरा तिच्या मांडीवर होता, आणि आजोबा मागच्या सीटवर बसून खिडकीतून खजुरीची झाडं बघत होते. एरवी गाडी सिग्नलला थांबली की ते मला इंजिन बंद करायला सांगतात. त्या दिवशी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक चमत्कार दिसू लागला. सासरे पंखा बंद करत होते, पॅसेजचा दिवा बंद करत होते, माझ्या फोनचा चार्जर उपटत होते, पण पिंजऱ्याच्या दिव्याजवळ आले की हात मागे बांधून वळसा घालून जात होते. मी ऑफिसमधून आले की न विचारता सांगायचे, "चालू आहे हं दिवा. सकाळपासून आहे." मी कधी विचारलं होतं?

संध्याकाळी चाची पार्किंगमध्ये भेटल्या. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात त्याला थंडी बाधली.

"थंडी?" त्या म्हणाल्या. "तो टायमर बिघडला असेल. बदलून घे."

"कुठला टायमर?"

"तुमच्या खिडकीतला तो पिवळा दिवा. मी सकाळी कपडे वाळत घालताना बघतंय ना रोज. तू गाडी काढलीस की पटकन विझतो. आणि पोरीची बस यायच्या जरा आधी परत पेटतो. मी म्हटला, केवढा हुशार टायमर आणलाय हिने."

मी चाचींचे आभार मानले. तो टायमर मी ओळखत होते. त्याला मधुमेह होता आणि दुपारच्या जेवणात कोशिंबीर लागत होती.

मला राग आला. आणि हसूही आलं, त्यामुळे रागाचं नीट काही करता येईना. एरवी मी भांडले असते. पण भांडून काय मिळणार होतं? दिवा तर आता चालूच होता. हा माणूस त्या दिव्याची भालदारासारखी राखण करत होता. प्रश्न वेगळाच होता. मुलीला वाटत होतं की चूक तिची आहे. तिने पावडरच्या डब्यावरचं बारीक अक्षर चार वेळा वाचलं होतं, स्प्रेची बाटली बदलली होती, मैत्रिणीला मेसेज करून विचारलं होतं, मी काय चुकवतेय. आणि सासरे ते सगळं बघत गप्प होते. आपलं चुकलं, हे वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात कुणासमोर उच्चारलेलं नाही. सासूबाई असताना त्यांच्यासमोरही नाही. त्या म्हणायच्या, यांच्या घशात त्या शब्दांची जागाच नाही.

म्हणून मी एक लहानसा उद्योग केला. सासरे एसीत बसून गारठतात आणि तरी एसी बंद करू देत नाहीत, कारण ओमानला येऊन एसीत बसलो नाही तर आलो कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ते स्वेटर घालतात, मफलर बांधतात आणि वर शाल पांघरतात. सोमवारी सकाळी मी स्वेटर, मफलर आणि शाल मशीनमध्ये टाकली. हॉलचा एसी जितका खाली जातो तितका नेला. सरडेरावांच्या पिंजऱ्याच्या एसीकडच्या बाजूला जाड टॉवेल टांगला, दिवा तपासला. एसीचं भिंतीवरचं बटण कपाटामागे आहे, तिथे त्यांचा हात पोचत नाही. मग रिमोट पर्समध्ये टाकून ऑफिसला गेले. सुनेने असं वागावं का? वागू नये. पण मजा आली.

अकराच्या सुमारास त्यांचा फोन आला.

"अगं, रिमोट कुठे आहे?"

"तिथेच असेल, बाबा. सोफ्याच्या फटीत बघा."

बाराला परत आला. "फटीत नाही."

"मग टेबलाखाली."

मग फोन आला तो चाचींचा. त्या कुजबुजत होत्या. "अगो, तुझा सासरा बाल्कनीत बसलाय. सरड्याचा पिंजरा घेऊन. बरा आहे ना?"

मी कपाळाला हात लावला. मात्र नोव्हेंबर लागला होता, बाहेर सावलीत छान ऊब होती, म्हणून मी फार घाबरले नाही. तरी साहेबांना सांगून लवकर निघाले. घरी आले तर हॉल कोल्ड स्टोरेजसारखा झालेला, आणि बाल्कनीत प्लास्टिकच्या खुर्चीवर सासरे, पायाशी पिंजरा. दोघंही उन्हाच्या कडेला, सावलीत. सरडेराव चक्क वरच्या फांदीवर होते, आणि एका बाजूला थोडे हिरवे दिसत होते.

"जेवलात का, बाबा?"

"भूकच नाही लागली. इतकी थंडी वाजली की जेवण्याची इच्छा..." ते बोलता बोलता थांबले.

मी बाल्कनीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सरड्याकडे, मग माझ्या खांद्यावरच्या पर्सकडे. वीज खात्यात काढलेली वर्षं वाया गेली नव्हती, दोष कुठे आहे ते त्यांना बरोबर कळलं.

"हं," ते म्हणाले.

मी पर्समधून रिमोट काढला आणि एसी बंद केला. "अगंबाई, माझ्याकडेच राहिला होता." मग आमटी गरम करून वाढली. ते निमूटपणे जेवले. मला वाटलं आता बोलतील. बोलले नाहीत. स्वेटर वाळला का, एवढंच विचारलं.

त्यानंतर रोज सकाळी ते पिंजऱ्यासकट बाल्कनीत बसू लागले. शाळेतून येणाऱ्या नातीला खोटं सांगायचे, "मलाच ऊन हवं होतं, म्हटलं यालाही नेऊ." सरड्याचा रंग उजळत होता, तो पानांवरचं पाणी चाटायला लागला होता. पण खात नव्हता. शनिवार जवळ येत होता.

गुरुवारी संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या लाटत होते. सासरे बाहेर डायनिंग टेबलाशी बसून भेंडी पुसत होते.

"मम्मा, मी त्याला देऊन टाकते," ती म्हणाली. "डॉक्टर अंकलच्या ओळखीत कोणी असेल. ज्याला नीट येतं सांभाळायला."

"का गं?"

"मी त्याला सिक केलं. आय डोन्ट नो कसं. पण मीच ना? मीच सगळं करते त्याचं." तिचा चेहरा आक्रसला. "तो माझ्याकडे डाय होईल. दुसरीकडे नाही होणार."

 मी तिला जवळ घेतलं, पिठाच्या हातांनीच, आणि तिच्या डोक्यावरून टेबलाकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मला सासऱ्यांचा अतिशय राग आला होता. यानंतरही हा माणूस भेंडी पुसत बसला असता तर मी स्वतःच सांगितलं असतं, मग घरात काय व्हायचं ते होवो.

सासऱ्यांनी फडकं खाली ठेवलं. उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. पिंजऱ्यासमोर जाऊन सावधान उभे राहिले आणि घसा खाकरला. त्यांनी नातीकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. सरड्याकडे बघून, तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले,

"काही कारणास्तव आपला वीजपुरवठा रोज सकाळी खंडित करण्यात येत होता. त्याबद्दल मी दिलगीर आहे."

सरड्याने एक डोळा त्यांच्याकडे वळवला.

मुलगी माझ्यापासून दूर झाली. "आजोबा, व्हॉट इज दिलगीर?"

सासऱ्यांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी पोळी उलटली. मला त्या वेळी मराठीचा एकही शब्द येत नव्हता.

"म्हणजे," ते म्हणाले. "म्हणजे असं की, तू शाळेत गेलीस की दिवा मी बंद करत होतो. तू यायच्या आधी लावून ठेवत होतो. मला वाटायचं, तो शोभेचा आहे. घरात बघायला कुणी नाही तर कशाला जाळायचा." मग तिच्याकडे वळले. "तुझं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं."

दारात काहीतरी धपकन पडलं. नवरा सोहारहून आला होता. खांद्यावरची बॅग खाली पडली होती, एक बूट पायात होता, दुसरा हातात. तो कधी आत आला ते आम्हाला कळलं नव्हतं.

मुलगी आजोबांकडे बघत राहिली.  "यू मेड हिम कोल्ड," ती म्हणाली. "मला किती वाईट वाटत होतं. तुम्ही रोज बघत होता."

"हो," सासरे म्हणाले. "बघत होतो."

त्यांनी दुसरी काही सबब सांगितली नाही. ती वळली आणि पाय आपटत बाल्कनीत गेली. मला वाटलं, संपलं, आता पोरगी आजोबांशी बोलायची नाही. पण ती रातकिड्यांचा डबा आणि चिमटा घेऊन परत आली, आणि दोन्ही त्यांच्या हातात ठेवलं.

"आता तुम्ही फीड करायचं. रोज. आणि लाइटला हात नाही लावायचा."

"मी?" सासरे म्हणाले. मग म्हणाले, "बरं मॅडम."

त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवून डबा उघडला. चिमट्यात रातकिडा कसा आला तो देव जाणे, बहुतेक रातकिडाच सहकार्य करत असावा.  चिमटा त्यांनी जाळीच्या दारातून आत धरला आणि डोळे मिटून घेतले. "आग्रह नाही करायचा," मुलगी बाजूने म्हणाली. "बघायचं पण नाही. सगळे मागे व्हा." आम्ही सगळे मागे झालो. नवरा एका बुटावर मागे झाला.

सरडेराव वरच्या फांदीवर दिव्याखाली हिरवेगार बसले होते. एक डोळा हळूहळू पुढे आला. मग दुसरा. दोन्ही डोळे एकाच जागी लागलेले मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. तो थोडा पुढे झुकला, मागे झाला, पुन्हा झुकला. आणि मग ती जीभ सुटली.

सासऱ्यांनी चिमटा टाकला आणि दोन पावलं मागे उडी मारली. "घेतला का? घेतला का त्याने?"

तो चावत होता. निवांत, तोंड मिटून. मुलगी रडत होती आणि आजोबांच्या सदऱ्याला नाक पुसत होती. सासरे ताठ उभे होते, हात कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"बाबा," नवरा दारातून म्हणाला. तो हसत होता. "एवढं चाललंयच, तर मग त्या रेडिओचं काय?"

तो किस्सा मी लग्नानंतर लगेच ऐकला होता, आणि पुढे प्रत्येक पार्टीत. घरी नवा रेडिओ आणलेला, तो कपाटावरून पडून फुटला, आणि वडिलांनी जमलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या कानाखाली वाजवली. मी नाही पाडला, मी नाही पाडला, असं तो नाक ओढत कसं म्हणत होता, ती नक्कल तो फार छान करतो. लोक हसून हसून लोळतात.

या वेळी कुणी हसलं नाही. सासरे वाकून चिमटा उचलत होते. सरळ झाले तेव्हा सरड्याकडेच बघत म्हणाले,

"तो मांजराने पाडला होता. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी सांगितलं मला." त्यांनी चिमटा पुसला. "तोवर मारून झालं होतं."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या खाली दुसरं काही उरलं नव्हतं. हातातला बूट त्याने नीट खाली ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "मी हात धुऊन येतो."

तो आत गेला, न्हाणीघराचं दार लावलं आणि नळ सोडला. मी ताटं घेतली. मुलीने पाणी घेतलं. आम्ही तिघं टेबलाशी बसून राहिलो. आत नळ सुरूच होता, पूर्ण सोडलेला, हात धुवायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. सासरे ते पाणी ऐकत होते. त्यांनी एकदाही तो बंद करायला सांगितलं नाही.